केशरी पट्ट्यांच्या ओळी

सुनंदाताई वाळके यांची आणि माझी पहिली भेट नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये झाली, आणि त्या भेटीत मी त्यांना चक्क नकार दिला होता. मी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवतो. दूध गार ठेवायच्या टाक्या हे आमचं मुख्य काम. ताईंचे यजमान बापूसाहेब हे श्रीगोंदा तालुक्यातल्या त्यांच्या गावी दूध संकलन केंद्राचे सचिव. केंद्रातली टाकी माझ्याच हातची, त्यामुळे ताईंना माझा पत्ता मिळाला असावा. एका सकाळी त्या टेम्पोतून उतरल्या, थेट वर्कशॉपमध्ये आल्या आणि टाकीची उंची, घेर, झाकण, नळ सगळं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. मी खडूने फरशीवर चित्र काढलं आणि विचारलं, रोजचं दूध किती लिटर? त्या म्हणाल्या, दूध नाही, वाइन.

आमचं घर माळकरी. आजोबांपासून घरात थेंब आलेला नाही. मी खडू खाली ठेवला आणि माझ्या कर्जतच्या भाषेत सांगून टाकलं, "ताई, आमच्याकडं दुधाचं काम हुतं. दारूचं न्हाई."

दुसरं कोणी असतं तर रागावून निघून गेलं असतं. ताईंनी टेम्पोतून द्राक्षांची पाटी आणवली आणि एक घड माझ्या हातात दिला. काळपट, वाटाण्याएवढे मणी, जाड साल आणि आत दोन-दोन बिया. मी बाजारातली लांबसडक हिरवी द्राक्षं बघितलेला माणूस. ह्यांना काही रोग झालाय का, असं मी मनापासून विचारलं. ताई इतक्या हसल्या की लेथवरचा कामगार मशीन बंद करून बघायला आला. मग त्यांनी मला शांतपणे समजावलं, की वाइनच्या द्राक्षाचा मणी लहानच लागतो, कारण सगळा जीव सालीत असतो. निघताना म्हणाल्या, "दादा, तुम्ही टाकी करा. तिच्यात मी काय भरलं ह्याचा जाब मला कधीही विचारा. नाही पटलं तर टाकी परत न्या."

मी टाकी केली. जाब विचारायची वेळ काही आली नाही, आणि बघता बघता ताई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्या साठीनिमित्तच हे लिहितोय.

ज्यांना त्यांचा मळा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. ताईंचे सासरे तात्या हे त्या भागातले जुने बागायतदार. खाण्याच्या द्राक्षाचा मणी तात्यांच्या बागेत जेवढा मोठा व्हायचा तेवढा आसपास कुठेच होत नसे. ते घड बघायला लोक गाडी करून यायचे. पुढे वाइनच्या द्राक्षाचं वारं सुटलं, एका कंपनीने गावोगाव करार केले आणि तात्यांनीही हौसेने काळ्या द्राक्षाची बाग लावली. काही वर्षांनी कंपनीने माल उचलायचं बंद केलं. घड वेलीवरच वाळले. गावातल्या बाकी सगळ्यांनी बागा उपटल्या, ऊस लावला आणि मोकळे झाले. वाळक्यांची बाग तेवढी राहिली. राहिली म्हणजे कोणी तिच्याकडे बघितलं नाही. तारा लोंबल्या, वेल जमिनीवर आले, आणि मधून गवत कंबरेएवढं वाढलं.

ताईंचे धाकटे दीर दत्ताभाऊ. शेतीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. माणूस कष्टाळू, बोलायला फटकळ, आणि हिशोबाला पक्का. कालव्याचं पाणी येतं, कारखाना जवळ, स्वतःचं गुऱ्हाळ दारात, मग दीड एकर पडीक का ठेवायचं, हा त्यांचा सवाल चुकीचा नव्हता. त्यांनी बाग उपटायला जेसीबी सांगितला त्या दिवशी ताई बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. मला तीन बहार द्या, म्हणाल्या. तिसऱ्या बहाराची वाइन विकली गेली नाही, तर मी स्वतः उसाचं बेणं टाकीन. तात्या, बापूसाहेब आणि दत्ताभाऊ तिघांसमोर हे ठरलं. दत्ताभाऊंनी जेसीबी परत पाठवला, पण ड्रायव्हरचा नंबर मोबाईलमध्ये ठेवला, हे ते स्वतःच सांगतात.

ताईंनी बाग नुसती हिरवी केली असती तरी कौतुकच होतं. पण त्यांनी अवघड वाट धरली. रासायनिक खत नाही, तणनाशक नाही, छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावतात ती पेस्ट नाही, मणी फुगवायचं औषध नाही. त्यातही सेंद्रिय शेतीच्या पुढचं, चंद्राच्या कला बघून कामं करायचं जे शास्त्र आहे, बायोडायनॅमिक, ते त्या नाशिककडे जाऊन शिकून आल्या. आमच्याकडच्या पेपरला ते नाव छापताना दर वेळी चुकतं. मला विचाराल तर त्यातलं सगळंच मला पटतं असं नाही. शेण भरलेल्या शिंगाने वेलीला काय कळतं, ह्यावर मी आणि ताई आजही वाद घालतो. पण त्या बागेतली माती मी मुठीत घेऊन बघितली आहे, आणि शेजारच्या उसातलीही बघितली आहे. एवढं पुरे.

शिंगांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. गाईच्या शिंगात ताजं शेण भरून ती दसऱ्याच्या सुमाराला जमिनीत पुरायची, उन्हाळ्याच्या तोंडाला काढायची, आतलं खत चिमूटभर पाण्यात टाकून तासभर घुसळायचं, आधी एका बाजूने भोवरा करायचा, मग उलट, आणि संध्याकाळी ते पाणी बागेत शिंपायचं, अशी ही रीत. शिंगं आणायची कुठून? ताई गावात घरोघर गेल्या. ज्यांच्याकडची गाय म्हातारी होऊन गेली होती त्यांच्याकडे बसून त्यांनी त्या गाईची विचारपूस केली, आणि मग शिंगं मागितली. आमच्याकडे माणूस गाईचं शिंग सहजी देत नाही. तरी लोकांनी दिली. ताईंनी प्रत्येक शिंगावर त्या गाईचं नाव ऑइलपेंटने लिहिलं. हरणी, कपिला, चांदी, येडी. एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांच्या लाडक्या खिल्लार बैलाची भलीमोठी शिंगं आणून दिली. ह्या कामाला गाईचीच शिंगं लागतात, बैलाची चालत नाहीत. पण त्यांना तसं सांगून परत पाठवणं ताईंच्या जिवावर आलं. त्यांनी ती शिंगं लाल हिंगूळ लावून बागेच्या फाटकावर बसवली. ते बाबा रोज त्या रस्त्याने जाताना फाटकापाशी थांबतात. आजही पोळ्याला ज्यांच्या ज्यांच्या गाईचं शिंग बागेत आहे त्यांच्या घरी ताईंकडून पुरणपोळी जाते.

आता शिंगं पुरताना कोणीतरी बघितलं आणि व्हायचं तेच झालं. वाळक्यांच्या मळ्यात करणी केली, अशी बोंब उठली. मजुरीला यायच्या त्या बाया यायच्या बंद झाल्या. दत्ताभाऊंच्या उसावर मावा पडला तर तोही ताईंच्याच नावावर. ताईंनी कोणाशी वाद घातला नाही. शिंगं काढायचा दिवस आला तेव्हा त्यांनी गावातल्या बायांना हळदीकुंकवाचं आमंत्रण दिलं, तेही बागेत. करणीच्या जागी हळदीकुंकू, म्हणजे बघायला तरी गेलंच पाहिजे, म्हणून झाडून सगळ्या आल्या. ताईंनी प्रत्येकीच्या हातात एक खुरपं दिलं आणि आपापल्या गोठ्यातल्या गाईचं नाव असलेलं शिंग शोधायला सांगितलं.

पार्वताक्का म्हणून एक पोक्त बाई, करणीची बोंब मुळात त्यांनीच मारलेली. त्यांना त्यांच्या कपिलेचं शिंग सापडलं. त्यांनी ते हातावर आपटलं. आतून शेण निघायच्या ऐवजी काळीभोर, मोकळी माती पडली. अक्कांनी ती नाकाशी नेली.

"ह्याला तर रानाचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

त्याच बैठकीत एका बाईने जे सगळ्यांच्या मनात होतं ते विचारलं. खत चांगलं असेल, पण शेवटी करणार दारूच ना? आमच्या नवऱ्यांना अजून एक गुत्ता. ताईंनी तिथेच शब्द दिला की ह्या गावात त्यांची एक बाटली विकली जाणार नाही, आणि कोणालाही भेट म्हणून दिली जाणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला आहे. पुढे एका बड्या पुढाऱ्याच्या घरच्या लग्नासाठी गावात पेट्यांची मागणी आली, तेव्हा ताईंनी हात जोडून त्यांना गावजेवणाला द्राक्षाची काकवी पाठवते म्हणून सांगितलं. ते गृहस्थ वर्षभर फुगून होते. ही काकवी कुठून आली, तेच आता सांगतो, कारण तिच्यातच ह्या लेखाचा गाभा आहे.

तिसरा बहार आला. सेंद्रियचा दाखला त्याच वर्षी मिळणार होता. पुण्यातले एक हॉटेलवाले गृहस्थ दाखला असेल तर सगळी वाइन घ्यायला तयार होते. दाखला नसेल तर बाग जाणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ताई दोन दिवस पुण्याला गेल्या. पुढच्या आठवड्यात दाखल्याचे तपासनीस आणि हॉटेलवाले असे दोघेही बाग बघायला यायचे होते. ताई परत आल्या त्या दुपारी मी तिथेच होतो, टाकी जिथे बसवली होती त्या जुन्या दगडी गोठ्यात पाइपची मापं घेत. ताईंनी बागेत पाऊल टाकलं आणि त्या थांबल्या. वरच्या अंगाच्या ओळींखाली प्लॅस्टिकचे मग आणि बादल्या पडल्या होत्या.

तात्यांनी दोन दिवसांत जुन्या सवयीच्या बाया लावून जवळजवळ अर्ध्या बागेतले घड जीएच्या पाण्यात बुडवून काढले होते. जीए म्हणजे मणी फुगवायचं औषध, खाण्याच्या द्राक्षाला सगळेच वापरतात. तात्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्यांच्या मनात एवढंच होतं की पुण्याचे पाहुणे येणार, आणि वाळक्यांच्या बागेत वाटाण्याएवढे मणी बघून जाणार. जन्मभर ज्या माणसाचे घड बघायला लोक यायचे, त्यांना ते सहन झालं नाही. सुनेला हातभार लावतोय, अशाच भावनेने त्यांनी ते केलं.

ताईंनी सगळं बघितलं आणि बांधावर बसल्या. तेवढ्यात दत्ताभाऊ आले. बाग जावी असं ज्यांना वाटत होतं, त्या दत्ताभाऊंनाही त्या क्षणी वहिनींची कणव आली असावी, कारण ते हलक्या आवाजात म्हणाले, "वैनी, कोन बघाय आलंय? मनी अजून फुगल्यालं बी न्हाईत. गप ऱ्हावा."

"मी बघितलंय, भाऊजी," ताई म्हणाल्या.

एवढंच. मी गोठ्याच्या दारात उभा होतो, हातातला टेप गुंडाळायचं विसरलो. ताई घरात गेल्या, एक जुनी केशरी साडी घेऊन आल्या आणि तिच्या पट्ट्या फाडायला लागल्या. ज्या ओळींतले घड बुडवले होते त्या प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांच्या खांबांना त्यांनी पट्टी बांधली. तात्यांना त्या एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. उलट पट्टीचं एक टोक धरायला त्यांनाच हाक मारली. तात्या आले, टोक धरलं, आणि शेवटच्या ओळीपर्यंत सुनेबरोबर गेले. मी त्या दिवशी ताईंना मनातल्या मनात नमस्कार केला. आज तो इथे उघड करतो.

तपासनीस आले तेव्हा ताईंनी त्यांना आधी केशरी पट्ट्यांकडेच नेलं. आमच्या घरातून चूक झाली, एवढं सांगितलं, कोणाचं नाव घेतलं नाही. तात्या खाटेवरून उठून काठी टेकत मध्ये आले. "माझ्या हातनं झालं, सायेब. सुनंचा ह्यात काय बी दोस न्हाई." तपासनीस बराच वेळ बागेत हिंडले, पानं-मातीचे नमुने घेतले. अखेर पट्टीच्या ओळी आणि त्यांना लागून असलेल्या काही ओळी बाद ठरल्या, आणि दाखल्याआधी औषधाविना जो ठरलेला काळ काढावा लागतो, तो त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. उरलेल्या बागेला दाखला मिळाला. हॉटेलवाले सगळं ऐकून घेऊन म्हणाले की वाइन झाल्यावर चव बघून ठरवू.

बाद झालेल्या घडांचं काय करायचं? त्यावर उपाय काढला दत्ताभाऊंनी. त्यांनी गुऱ्हाळाची कढई घासून घेतली आणि त्या सगळ्या द्राक्षांचा रस आटवला. अशी ती काकवी झाली, आणि तिने मात्र गावाची मनं जिंकली. गुऱ्हाळात उसाचं सोडून दुसरं काही आटतंय हे बघायला लोक लोटले होते.

इकडे माझ्या टाकीची पंचाईत झाली. माल निम्मा, आणि अर्धी रिकामी टाकी म्हणजे वाइनला हवा लागून ती बिघडणार. मी नागापूरला जाऊन रसावर तरंगणारं, वर-खाली सरकणारं झाकण करून आणलं. ताईंनी घड चेचून रस आणि साल टाकीत भरली. बाजारचं यीस्ट वापरायचं नाही, द्राक्षाच्या सालीवर जे असतं त्यानेच रस फसफसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. एक दिवस गेला, दुसरा गेला, चौथा गेला. टाकी गप्प. ताई टाकीला कान लावायच्या आणि बाजूला व्हायच्या. दत्ताभाऊ दारातून डोकावून जायचे. बापूसाहेब दर दोन तासांनी टाकीचं कूलिंग तपासायचे आणि मान डोलवायचे, त्यांच्या मते सगळं बरोबर चाललं होतं.

कोडं सोडवलं तात्यांनी. एका सकाळी ते गोठ्यात आले, टाकीला तळहात लावला आणि चटकन काढून घेतला.

"बापू, ही तर दुदागत गार हाय," ते म्हणाले.

बापूसाहेबांनी आयुष्यभर दुधाची टाकी सांभाळली होती. माल टाकीत आला की काटा खाली न्यायचा, नाहीतर नासतं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. द्राक्षाचा रसही त्यांनी इमानेइतबारे दुधाइतका गार ठेवला होता. त्या गारठ्यात काय फसफसणार, दगड? ताईंनी बापूसाहेबांकडे बघितलं, बापूसाहेबांनी काट्याकडे बघितलं, आणि ताईंना हसू आवरेना. आख्खी बाग पणाला लागलेली, आणि ही बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. कूलिंग बंद केलं. पार्वताक्कांना बातमी कळली तशा त्या चार बाया आणि घरातल्या गोधड्या घेऊन आल्या, आणि मी पॉलिश करकरून चकचकीत केलेल्या टाकीला त्यांनी बाळंतिणीसारखं गुंडाळलं. मला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी कान लावला आणि हातानेच सगळ्यांना जवळ बोलावलं. मीही माझ्याच टाकीला कान लावला. आत बारीक पाऊस पडत असल्यासारखा आवाज येत होता. सगळ्यात शेवटी दत्ताभाऊंनी कान लावला, आणि तो काही लवकर काढला नाही.

हॉटेलवाल्यांनी यथावकाश येऊन चव घेतली. आधी एक घोट, मग दुसरा. सगळा माल त्यांनी घेतला आणि पुढच्या वर्षीचाही तेव्हाच सांगून ठेवला. त्यांनी ताईंना सांगितलं की जी बाई स्वतःच्या बागेला स्वतःच पट्ट्या बांधते तिच्या बाटलीवर दाखला नसता तरी चाललं असतं. संध्याकाळी दत्ताभाऊंनी सगळ्यांसमोर मोबाईल काढला आणि जेसीबीवाल्याचा नंबर खोडला. पुढच्या उन्हाळ्यात खरड छाटणीला त्यांनी तात्यांकडून काळ्या द्राक्षाच्या काड्या लावणीसाठी मागून घेतल्या. आज त्यांच्या उसातला एक एकर बागेखाली आहे आणि ते त्यात एक ग्रॅम रासायनिक खत टाकत नाहीत. वैनी ओरडतात, म्हणतात. ताईंना ओरडताना मी एकदाही ऐकलेलं नाही.

ताईंच्या वाइनचं नाव आज पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत घेतलं जातं. परदेशातले लोक मळा बघायला येतात आणि फाटकावरच्या हिंगूळ लावलेल्या शिंगांचे फोटो काढतात. शिंगं पुरायला आता गावातल्या बाया न बोलावता येतात, आणि आपली गाय गेली की लोक स्वतःहून शिंगं घेऊन ताईंच्या दारात उभे राहतात. आसपासच्या पाच-सहा मळ्यांतून पुन्हा काळ्या द्राक्षाच्या तारा दिसू लागल्या आहेत. एका गावाने उपटून टाकलेलं पीक एका बाईने परत आणलं, ह्याहून मोठा विजय मी माझ्या आयुष्यात जवळून बघितलेला नाही.

यंदा त्या बाद झालेल्या ओळींचा काळ पुरा झाला. तोडणीच्या पहिल्या दिवशी ताईंनी खुर्ची टाकून तात्यांना बागेत बसवलं. तात्या आता नव्वदीच्या घरात, नजर कमी झालेली. ताईंनी त्यांचा हात धरून खांबावर ठेवला. उन्हापावसाने केशरी पट्टी पांढरी पडली होती, पण गाठ पक्की होती. तात्यांनी ती बोटांनी चाचपत चाचपत सोडवली. मग त्यांनी शेजारचा घड हातात घेतला, मणी दाबून बघितला आणि म्हणाले, "बारीकच हाय. झ्याक हाय."

ताई तिथेच, सगळ्यांच्या देखत रडल्या. ही बाई रडलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती.

ताईंनी माझ्याकडे नवीन टाकी सांगितली आहे, पहिल्या टाकीच्या दुप्पट. मी ती करतोय, आणि आमच्या धंद्यात कोणी देत नाही अशी चाळीस वर्षांची हमी तिच्यावर देतोय. टाकी तेवढी टिकेल, त्याची जबाबदारी माझी. पण दर बहाराला ती भरायची, गोधड्या गुंडाळायच्या आणि कान लावून आधी ऐकायचं, हे काम ताईंचं आहे. तेव्हा ताई, प्रकृती सांभाळा, गुडघ्यांना तेल लावा, चालणं सोडू नका. माझी हमी चाळीस वर्षांची आहे, आणि ती संपेल त्या दिवशी, तुमच्या शंभरीला, टाकीला कान लावून तुम्हीच मला सांगायचंय, की दादा, अजून आवाज येतोय.